ॲनालॉग मंडलांची रचना : एक अभ्यासपाठ

‘चिप’ हा शब्द आपले विद्यार्थी नित्य ऐकतात. परंतु चिप रचण्याची विद्या म्हणजे काय, तिला श्रम किती लागतात, आणि पेण-रोह्याच्या मुलामुलींस ती साध्य आहे काय, ह्या तीन प्रश्नांचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावा. ज्या मंडलांत ‘आहे’ वा ‘नाहीं’ अशा दोनच अवस्था मानतात, तें डिजिटल. ज्यांत विद्युद्दाबाचें प्रत्येक लहानमोठें मान अर्थपूर्ण असतें, तें ॲनालॉग. मनुष्याचा आवाज, शरीराची उष्णता, हृदयाचें स्पंदन हें सर्व निसर्गांत ॲनालॉग रूपानेंच असतें. म्हणून संगणक कितीही प्रगत झाला, तरी बाह्य जगाशीं त्याचा पहिला व्यवहार ॲनालॉग मंडलाच्या द्वारेंच होतो.

ह्या मंडलाचा मूळ घटक ट्रान्झिस्टर होय. रोह्याच्या विद्यार्थ्यांस कुंडलिकेचें उदाहरण परिचयाचें आहे. भिऱ्याच्या वीजघरांतून सुटलेलें पाणी तींत येतें. तेथील झडप थोडी उघडली वा मिटली, कीं नदीचा मोठा प्रवाह वाढतो वा ओसरतो. तद्वत ट्रान्झिस्टरवरील अल्प विद्युद्दाब मोठ्या विद्युत्प्रवाहाचें नियमन करतो. ह्याच गुणामुळें दुर्बळ संकेत प्रबळ करतां येतो.

१९५८ सालीं जॅक किल्बी ह्यांनीं व १९५९ सालीं रॉबर्ट नॉइस ह्यांनीं अनेक घटक एकाच तुकड्यावर घडविण्याचा मार्ग दाखविला. पण त्यांत एक अडचण आहे. चिपवर दहा हजार ओहमचा रोधक मागितला, तर तो साडेआठ हजारांचा निघेल वा साडेअकरा हजारांचाही! मग अचूकपणा यावा कोठून? उत्तर पेणच्या मूर्तिशाळेंत सांपडेल. शाडूची मूर्ति वाळतांना नेमकी किती आकसेल, हें कारागीर सांगूं शकत नाहीं. परंतु एकाच साच्यांतून, एकाच मातीनें, एकाच दिवशीं काढलेल्या दोन मूर्ति जवळजवळ सारख्याच आकसतात. चिपवरही शेजारशेजारचे दोन घटक एकसारखेच चुकतात. म्हणून रचनाकार मूळ मानावर विसंबत नाहीं, गुणोत्तरावर विसंबतो. एका ट्रान्झिस्टरच्या दुप्पट रुंदीचा दुसरा शेजारीं ठेवला, तर प्रवाहही दुप्पट मिळतो. ह्या जोडीस ‘प्रवाहाचा आरसा’ म्हणतात. दोन समान ट्रान्झिस्टरांची दुसरी एक जोडी केवळ दोन संकेतांतील फरक वाढविते, आणि दोघांवर सारखाच येणारा गोंगाट बव्हंशीं टाकून देते.

दुसरें तत्त्व ऋण प्रतिपोषणाचें. भिऱ्याचें वीजघर सुरू झालें त्याच १९२७ सालीं हॅरोल्ड ब्लॅक ह्यांस हडसन नदी नावेनें ओलांडतांना हें सुचलें, व तें त्यांनीं हातांतील वर्तमानपत्रावरच टिपून ठेवलें. प्रवर्धकाच्या फलाचा कांहीं अंश त्याच्या प्रवेशाशीं उलट दिशेनें परत आणावा, एवढेंच तें तत्त्व. प्रवर्धकाची वृद्धि १,००,००० पट असून फलाचा दहावा अंश परत आणला, तर एकंदर वृद्धि ९.९९९ होते. आतां मूळ वृद्धि निम्म्यावर, म्हणजे ५०,००० वर आली, तरी एकंदर वृद्धि ९.९९८ राहते. शक्तीचा मोठा भाग देऊन स्थैर्य विकत घेतलें, असा हा सौदा आहे.

विद्यापीठांतील अभ्यासाचा क्रमही ह्याच पायऱ्यांनीं जातो. आधीं गणित व पदार्थविज्ञान, मग मंडलांचे नियम, एका ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक, आरसा, जोडी, प्रतिपोषण व स्थैर्य. आणि शेवटीं चिपवरील प्रत्यक्ष मांडणी. १९७३ पासून ‘स्पाइस’ नांवाची संगणकीय आज्ञावली मंडलाचें वर्तन आधींच दाखविते. पण ती काय घडेल तें सांगते. कां घडेल, तें सांगत नाहीं. जो विद्यार्थी कागदावर गणित न करतां केवळ आंकडे बदलून पाहतो, त्याच्या हातीं यश आलें तरी ज्ञान येत नाहीं. आणि चिप घडल्यावर तिच्यांतील चूक खोडरबरानें पुसतां येत नाहीं. कित्येक महिन्यांचे श्रम व पुष्कळ द्रव्य त्यांत जातें.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. रायगड जिल्ह्यांतच लोणेरे येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पवईच्या आय. आय. टी. मुंबईनें मंडलांच्या अभ्यासासाठीं ‘ई-सिम’ ही आज्ञावली विनामूल्य दिली आहे, एन. पी. टी. ई. एल. ची व्याख्यानेंही घरबसल्या ऐकतां येतात. तेव्हां गांव लहान म्हणून मुलांनीं मागें राहण्याचें कारण नाहीं. गणिताचा कंटाळा मात्र दूर सारावा लागेल.

शेवटीं एक प्रयोग. ‘७४१’ क्रमांकाची चिप, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, दीड व्होल्टचा एक सेल, एक मल्टिमीटर, व एकेक हजार ओहमचे वीस रोधक आणावे. दहा रोधक एकामागें एक जोडून सेलचा दाब एकदशांश करावा. उरलेल्या दहांपैकीं नऊ प्रतिपोषणांत व एक भूमीकडे जोडून चिपकडून तो दाब पुन्हा दसपट करून घ्यावा. सेलचा मूळ दाब व चिपनें दिलेला दाब मोजून वहींत शेजारीं लिहावे. दोहोंत जो किंचित फरक दिसेल, त्याचें कारण शोधूं लागणें, हाच ह्या विद्येचा आरंभ होय.