पडद्यावरचं दालन नेमकं कशासाठी?

भाची : मामा, संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर हल्ली व्हर्च्युअल टूर असते. बाण दाबला की आपण दालनात पुढे सरकतो, बोट फिरवलं की जमिनीपासून छतापर्यंत सगळं दिसतं. पण एखादी पाटी वाचायला जावं तर अक्षरं पुसट. वस्तू धड दिसणारच नसेल, तर याचा उपयोग काय?

मामा : अक्षरं पुसट का होतात, ते आधी पाहू. कॅमेरा तिवईवर ठेवून एका ठरावीक बिंदूभोवती फिरवतात आणि एकमेकांवर थोडे चढणारे फोटो घेतात. संगणक ते जोडून एक सलग चित्र, म्हणजेच पॅनोरामा, करतो आणि ते गोलाच्या आतल्या बाजूला चिकटवल्यासारखं दाखवतो. बघणारा गोलाच्या मध्यावर. समजा, हे चित्र ८,००० पिक्सेल रुंद आहे. ते ३६० अंशांत वाटलं, तर प्रत्येक अंशाच्या वाट्याला जेमतेम २२ पिक्सेल येतात. निरोगी डोळा याच्या जवळजवळ तिप्पट बारकावा टिपतो. कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर असलेली १० सेंटीमीटरची पाटी दोन अंशसुद्धा व्यापत नाही, म्हणजे तिच्या रुंदीला साधारण ४० पिक्सेल मिळतात. तेवढ्यात मजकूर मावणार कसा? वस्तू जवळून दाखवण्याचं काम वेगळ्या छायाचित्रणाचं आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचं ७१७ अब्ज पिक्सेलचं छायाचित्र २०२२ साली खुलं केलं. रंगाचे कण पाहायचे असतील, तर तिकडे जावं.

भाची : मग प्रत्येक वस्तूचे असेच फोटो काढावेत. पॅनोरामाचा खटाटोप कशाला?

मामा : कारण सुट्या फोटोंतून दालन हरवतं. कशाशेजारी काय मांडलंय, दारातून आत येताच काय समोर येतं, कोपऱ्यात काय ढकललंय, या मांडणीतूनच संग्रहालय आपलं म्हणणं मांडत असतं. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय बघ. जुन्या राजवाड्यातल्या त्या संग्रहालयाला २ सप्टेंबर २०१८ रोजी आग लागली आणि सुमारे दोन कोटी वस्तूंच्या संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. गूगलने २०१६पासून संग्रहालयाबरोबर काम सुरू केलं होतं, त्यातून दालनांची चित्रं टिपलेली होती. त्यांवरून डिसेंबर २०१८मध्ये आभासी फेरी खुली झाली. प्रवेशदालनातली पाच टनांहून जड बेन्देगो उल्का आगीतून वाचली. ती उल्का आजही आहे, पण तिच्या मागच्या दालनांतली मांडणी गेली. ती कशी होती, हे आता या पॅनोरामात फिरून पाहता येतं. उल्केच्या कितीही चांगल्या फोटोतून ते कळलं नसतं.

भाची : आग रोज थोडीच लागते? आणि घरबसल्या सगळं दिसलं, तर लोक संग्रहालयात येणारच नाहीत, हेही आहेच ना?

मामा : आग क्वचित लागते, पण दालनांची फेरमांडणी नेहमी होते आणि प्रत्येक वेळी जुनी मांडणी कायमची जाते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्गेतिहास संग्रहालयाच्या आभासी फेरीत बंद झालेली प्रदर्शनंही ठेवली आहेत. आणि पॅनोरामा प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊच शकत नाही. कॅमेरा जिथे उभा होता, तिथूनच आपल्याला दिसतं. तो मूर्तीमागे गेला नसेल, तर आपल्यालाही जाता येत नाही. चालताना दगडावरची चमक कशी सरकते, मूर्ती आपल्यापेक्षा केवढी उंच आहे, हे तिथे उभं राहूनच कळतं. माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे. फ्लॅश या जुन्या वेब-तंत्रावर बेतलेल्या कितीतरी फेऱ्या, अडोबी कंपनीने २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतल्यावर, ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या. नोंद म्हणून केलेली गोष्टच अशी नाहीशी झाली, तर सगळं मुसळ केरात.

भाची : मग संग्रहालयांनी करायचं काय?

मामा : पॅनोरामाला जाहिरात समजणं सोडून दप्तर समजावं. मूळ छायाचित्रं स्वतःजवळ, तारखेसह, कुठेही उघडतील अशा साध्या स्वरूपात जपावीत. फक्त एखाद्या कंपनीच्या भरवशावर राहू नये. मांडणी बदलण्याआधी दालन न चुकता टिपून ठेवावं. आणि आपण बघणाऱ्यांनी पॅनोरामात दालन पाहावं, वस्तूसाठी मात्र संग्रहालयाची पायरी चढावी.