एआय कोडिंग सहायकांची निवड : रोहा-पेण परिसरातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

संगणक अभियांत्रिकीला किंवा माहिती तंत्रज्ञानाच्या पदवीला प्रवेश घ्यावा की नाही, हा प्रश्न रोहा आणि पेण तालुक्यांतील कुटुंबांना नवा नाही. मात्र जून 2021 मध्ये गिटहब कोपायलट हे साधन चाचणीसाठी खुले झाले, प्रोग्रामरने अर्धी ओळ लिहिताच उरलेली ओळ यंत्र सुचवू लागले, आणि या जुन्या प्रश्नाला नवे टोक फुटले. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, पेणचे शासकीय तंत्रनिकेतन किंवा मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतील बी.एस्सी. आयटी, यांपैकी कोणतीही वाट धरणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी आज दोन शंका हमखास निघतात. तीन-चार वर्षांनी शिक्षण पूर्ण होईल तेव्हा कोड लिहिण्याचे काम माणसाकडे उरलेले असेल का, ही पहिली. आणि मुंबई-पुण्याची मुले महागडी साधने वापरत असताना रोह्याचा मुलगा किंवा मुलगी मागे पडेल का, ही दुसरी. पहिल्या शंकेत तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. दुसरीला फारसा आधार नाही. कोणते साधन वापरले याहून ते शिक्षणाच्या कोणत्या टप्प्यावर हाती घेतले यावर विद्यार्थ्याचे नुकसान किंवा लाभ अवलंबून असतो, आणि प्रवेशाच्या धावपळीत नेमकी हीच गोष्ट बाजूला पडते.

बाजारात असलेल्या साधनांचे तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार ओळ पूर्ण करून देणाऱ्या साधनांचा : एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रणालीमध्ये, विद्यार्थी टंकलेखन करत असतानाच पुढचा मजकूर फिकट अक्षरांत दिसतो आणि एक कळ दाबली की तो स्वीकारला जातो. दुसरा प्रकार संवादाचा असून त्यात प्रश्न विचारता येतो, चूक दाखवणारा संदेश चिकटवून त्याचा अर्थ विचारता येतो. नोव्हेंबर 2022 मध्ये आलेल्या चॅटजीपीटीमुळे हा प्रकार घरोघरी पोचला. तिसऱ्या प्रकाराला एजंट म्हणतात : त्याला काम सोपवले की तो स्वतःच फाइली उघडतो, बदल करतो, प्रोग्राम चालवून पाहतो, चूक निघाली तर पुन्हा दुरुस्ती करतो आणि शेवटी झालेले बदल माणसापुढे ठेवतो. पहिल्या प्रकारात माणूस लिहितो आणि यंत्र पुरवणी जोडते. तिसऱ्यात यंत्र लिहिते आणि माणसाकडे तपासनिसाचे काम येते. तपासनिसाला लिहिणाऱ्याहून अधिक कळावे लागते, आणि नवशिक्याची खरी अडचण इथेच सुरू होते.

नावानिशी पाहायचे तर गिटहब कोपायलट सर्वांत रुळलेले आहे. व्हीएस कोड या विनामूल्य एडिटरमध्ये ते सहज बसते आणि डिसेंबर 2024 पासून त्याची एक मोफत श्रेणीही उपलब्ध झाली, ज्यात सुरुवातीला महिन्याला 2,000 पुरवण्या आणि 50 संवाद मिळत असत. अनिस्फिअर कंपनीचा कर्सर हा व्हीएस कोडवरूनच घडवलेला स्वतंत्र एडिटर असून संपूर्ण प्रकल्पातील अनेक फाइलींत एकाच वेळी बदल करण्याच्या सोयीमुळे तो व्यावसायिकांत लोकप्रिय झाला. अँथ्रॉपिकचे क्लॉड कोड फेब्रुवारी 2025 मध्ये आले. ते मुळात टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या काळ्या पडद्यावर, काम करणारे एजंट आहे आणि मोठ्या, गुंतागुंतीच्या कामांसाठी अनुभवी मंडळी ते वापरतात. गूगलने जेमिनी कोड असिस्टची वैयक्तिक श्रेणी फेब्रुवारी 2025 मध्ये विनामूल्य केली. अ‍ॅमेझॉनचे क्यू डेव्हलपर, जे आधी कोडव्हिस्परर या नावाने ओळखले जाई, ते अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवांवर काम करणाऱ्यांना विशेष सोयीचे पडते. सशुल्क श्रेणींचे 2025 मधील दर पाहता कोपायलट महिना 10 डॉलर, तर कर्सर आणि क्लॉड यांच्या प्राथमिक सशुल्क श्रेणी महिना 20 डॉलर, म्हणजे साधारण पावणेदोन हजार रुपये, अशा होत्या. हे दर आणि मर्यादा वारंवार बदलतात; शिवाय आज जे साधन पुढे आहे ते सहा महिन्यांनी मागे पडलेले दिसते, त्यामुळे पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यासाठी कोणत्याही साधनाची वार्षिक वर्गणी भरण्याचे कारण नाही. मोफत श्रेणी अभ्यासाला पुरेशा आहेत, आणि दुसरी शंका निराधार ठरते ती त्यामुळेच.

ही साधने खरोखर किती वेळ वाचवतात याविषयी झालेल्या दोन अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. गिटहबच्या 2022 मधील प्रयोगात 95 प्रोग्रामरांना जावास्क्रिप्ट भाषेत एक छोटा वेब सर्व्हर लिहायला सांगितले होते. कोपायलट वापरणाऱ्यांनी ते काम 55.8 टक्के कमी वेळात पूर्ण केले. याउलट मेटर या संस्थेने जुलै 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 16 अनुभवी प्रोग्रामरांनी, स्वतःच्या पूर्ण परिचयाच्या प्रकल्पांतील 246 कामे केली, आणि एआय वापरण्याची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के अधिक वेळ लागला. विशेष म्हणजे काम संपल्यावरही आपला वेळ सुमारे 20 टक्के वाचला, असेच त्यांना वाटत होते. पहिले काम लहान, सुटे आणि कोऱ्या पाटीवरचे होते. दुसरी कामे जुन्या, मोठ्या प्रकल्पांतली होती, जिथे यंत्राने दिलेला जवळपास बरोबर कोड वाचून, तपासून, दुरुस्त करण्यातच वेळ गेला. महाविद्यालयातील प्रात्यक्षिके पहिल्या जातीची असतात आणि नोकरीतील कामे दुसऱ्या जातीची. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वहीतील झटपट यशावरून मुलाला काम येते असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

तपासणे म्हणजे नेमके काय, हे रोह्याच्याच एका विषयावरून पाहता येईल. रोहा स्थानकावरील गाड्यांच्या वेळा आणि प्रवासाचा कालावधी सांगणारा लहानसा प्रोग्राम विद्यार्थ्याने सहायकाकडून लिहून घेतला असे समजू. सहायक सुटण्याची आणि पोचण्याची वेळ मिनिटांत बदलून एकातून दुसरी वजा करणारा नीटनेटका कोड देऊ शकतो, आणि दिवसा धावणाऱ्या गाड्यांसाठी उत्तरे बरोबर येतात. परंतु रात्री 11.40 ला सुटून 1.10 ला पोचणारी गाडी कल्पिली तर 70 मधून 1,420 वजा होऊन कालावधी उणे 1,350 मिनिटे येतो; पोचण्याची वेळ सुटण्याच्या वेळेपेक्षा लहान असेल तर तीत दिवसाची 1,440 मिनिटे मिळवावीत, म्हणजे 90 हे खरे उत्तर मिळते. ही चूक कोड ओळीने वाचणाऱ्या आणि मध्यरात्रीची वेळ मुद्दाम घालून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला सापडते. दुसरी चूक मात्र कोड कितीही वेळा वाचला तरी दिसत नाही. कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो आणि त्या मार्गावर पावसाळ्यात दरडींचा धोका लक्षात घेऊन गाड्यांचा वेग कमी ठेवतात. त्यासाठी वेगळे पावसाळी वेळापत्रक असते, जे अनेक वर्षे 10 जून ते 31 ऑक्टोबर या काळात लागू असे आणि 2025 मध्ये 15 जून ते 20 ऑक्टोबर असे झाले. रोह्याहून दिव्याकडे जाणारा मार्ग मात्र मध्य रेल्वेचा आहे. एकाच स्थानकावर दोन दिशांना दोन नियम, त्यांतील एकाच्या तारखाही बदलत्या : हे न सांगता सहायकाने वर्षभर एकच वेळापत्रक गृहीत धरले, तर मे महिन्यातील सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झालेला प्रोग्राम जूनच्या मध्यात प्रवाशांना चुकीच्या वेळा सांगू लागेल. पहिल्या चुकीसाठी प्रोग्रामिंगचा पाया लागतो, दुसरीसाठी विषयाची माहिती. आणि ही दुसरी माहिती रोह्यात वाढलेल्या मुलाकडे शहरातल्या मुलापेक्षा कांकणभर अधिकच असते.

सुरक्षिततेच्या बाबतीत तपासणीची गरज आणखी तीव्र होते. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये कोपायलटकडून मुद्दाम जोखमीच्या प्रसंगांचे 1,689 प्रोग्राम लिहून घेतले, तेव्हा त्यांतील सुमारे 40 टक्के प्रोग्रामांत घुसखोरीला वाव देणाऱ्या त्रुटी आढळल्या. साधने तेव्हापासून पुष्कळ सुधारली आहेत, तरीही स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2025 मधील सर्वेक्षणात 84 टक्के प्रोग्रामर एआय साधने वापरतात किंवा वापरणार आहेत असे दिसत असताना त्यांच्या अचूकतेवर अविश्वास दाखवणारे 46 टक्के निघाले आणि विश्वास ठेवणारे 33 टक्के. वापर वाढला म्हणजे भरवसा वाढला असे झालेले नाही.

नोकऱ्यांविषयीची शंका प्रामाणिकपणे हाताळली पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेतील वेतन-नोंदींवरून असे दाखवले की 22 ते 25 वयोगटातील सॉफ्टवेअर डेव्हलपरांची संख्या 2022 च्या अखेरीच्या उच्चांकापासून जुलै 2025 पर्यंत जवळपास 20 टक्क्यांनी घटली, तर त्याच क्षेत्रातील अनुभवी कर्मचाऱ्यांवर तसा परिणाम झाला नाही. आकडे अमेरिकेचे आहेत आणि त्यांमागील कारणांत व्याजदर, महासाथीच्या काळातील अतिरिक्त भरती अशा गोष्टींचाही वाटा असल्याचे इतर अभ्यासक मांडतात. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जुलै 2025 मध्ये सुमारे 12,000 जागा कमी करण्याचे जाहीर केले, त्याचा रोख मधल्या आणि वरच्या स्तरावर होता, आणि कंपनीने त्याचे कारण एआयमुळे वाढलेली उत्पादकता हे नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे असल्याचे सांगितले. तेव्हा सर्व काही बुडाले असे मानून मुलीला या शाखेपासून परावृत्त करणे चूक, तसेच पूर्वीप्रमाणे कोणतीही पदवी घेतली की कॅम्पसमधून नोकरी ठरलेलीच असे मानणेही चूक. ठरावीक छापाचा कोड टंकणाऱ्या नवोदिताची मागणी घटणार, हे मात्र पालकांनी धरून चालावे.

मग साधन हाती कधी द्यावे? पहिल्या वर्षी ओळ पूर्ण करणारी सोय एडिटरमधून बंद ठेवावी. ती सेटिंगमध्ये बंद करता येते. या काळात चल, लूप, फंक्शन, याद्या या मूळ संकल्पना हाताने लिहून, चुका करून बसवाव्या लागतात, आणि चूक दाखवणारा संदेश वाचून कारण शोधण्याची सवय ही पुढील सर्व तपासणीची पूर्वअट आहे. मात्र संवादी सहायक याच वर्षापासून उपयोगी पडतो, विशेषतः मराठी माध्यमातून दहावी झालेल्या विद्यार्थ्याला. इंग्रजी पुस्तकातील एखादी संकल्पना मराठीत समजावून मागता येते, न कळल्यास पुन्हा सोप्या शब्दांत मागता येते, आणि वर्गात हात वर करण्याचा संकोच इथे आड येत नाही. खेड्यापाड्यातून येणाऱ्या मुलांसाठी ही सोय अमोल आहे. फक्त उत्तर लिहून मागण्याऐवजी स्वतः लिहिलेला कोड कुठे चुकला याचा इशारा मागावा, आणि यंत्राचे संदेश इंग्रजीतच येत असल्याने ती वाक्ये तशीच वाचण्याचा सराव सोबत ठेवावा. दुसऱ्या वर्षी ओळ पूर्ण करणारे साधन सुरू करावे, पण स्वीकारलेली प्रत्येक ओळ सांगता आली पाहिजे असा नियम घालून. एजंटांकडे तिसऱ्या वर्षी वळावे, तेही गिट या साधनाचा वापर अंगवळणी पडल्यावर; गिट प्रोग्रामच्या प्रत्येक अवस्थेची नोंद ठेवते, त्यामुळे एजंटने बिघडवलेले काम मागे नेता येते.

संगणक न शिकलेल्या पालकांनाही यावर लक्ष ठेवता येते. मुलाने दाखवलेल्या प्रोग्राममधील कोणत्याही एका ओळीवर बोट ठेवून ती काढून टाकली तर काय होईल असे विचारावे, आणि मग ती खरोखर काढून प्रोग्राम चालवायला सांगावे. अंदाज आणि प्रत्यक्ष जुळले तर शिक्षण चालू आहे. पुन्हा पुन्हा जुळत नसेल तर सहायक काही महिने बाजूला ठेवणे इष्ट. काही आठवड्यांत एआय तज्ज्ञ बनवण्याची हमी देणाऱ्या महागड्या वर्गांबाबतही हाच निकष लावावा : तेथे विद्यार्थी कोड वाचायला आणि त्याची चाचणी घ्यायला शिकतात का, की केवळ साधनाला सूचना द्यायला शिकतात, हे प्रवेशापूर्वी एक तास वर्गात बसून पाहावे.

प्रकल्पांचे विषय घराजवळ शोधावेत. पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांत पुढील वर्षाचे काम आधीच सुरू होते आणि मूर्ती देशभर, परदेशातही जातात. मागणी, आगाऊ रक्कम, रंगकामाची अवस्था आणि रवानगीची तारीख यांचा मेळ घालणारी लहानशी प्रणाली एखाद्या कारखानदाराशी बोलून तयार केली, तर मुलाखतीत सांगण्याजोगे काम हाती येते. धाटाव औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांत कच्च्या मालाच्या, तापमानाच्या आणि उत्पादन-फेऱ्यांच्या नोंदींचे काम असते. तेथे प्रशिक्षणार्थी म्हणून जाणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे. सॅमसंगच्या अभियंत्यांनी 2023 मध्ये कंपनीचा गोपनीय कोड चॅटजीपीटीमध्ये चिकटवला आणि त्यानंतर कंपनीने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. रासायनिक प्रक्रियेतील प्रमाणे, ग्राहकांची नावे किंवा यंत्रणेचे पासवर्ड मोफत सहायकाच्या खिडकीत टाकणे हे त्याच जातीचे वर्तन ठरेल. कोणते साधन वापरण्यास परवानगी आहे आणि कोणती माहिती कारखान्याच्या बाहेर जाता कामा नये, हे रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी वरिष्ठांना विचारून लेखी घ्यावे, आणि परवानगी नसेल तर ते काम सहायकाशिवाय करण्याची तयारी ठेवूनच तेथे जावे.