पिशवीतल्या कलमाचं नत्र

हापूसची कलमं पिशवीत वाढवताना माझं सगळ्यात जास्त लक्ष नत्राकडे असतं. जमिनीतल्या झाडाची मुळं अन्नासाठी लांब जाऊ शकतात. पिशवीत मात्र जेमतेम दोन-तीन किलो मिश्रण आणि खाली भोकं. आपण देऊ तेवढंच त्याला मिळणार, आणि चुकीचं दिलं तर तेही त्यालाच भोगावं लागणार.

१. कोय आहे तोवर खताची घाई नको. कोय कलम जुलै-ऑगस्टात बांधतात. रोप तेव्हा जेमतेम पंधरवड्याचं, पानं तांबूस. त्याची शिदोरी कोयीच्या दळांतच असते. कलमाची पहिली पालवी उलगडून गर्द हिरवी झाली की मी सुरुवात करते.

२. खत उघडीप बघून द्यावं. युरिया पाण्यात विरघळतो, पण मातीच्या कणांना धरून राहत नाही. जिवाणूंमुळे त्याचं अमोनियम झालं की माती ते धरते. पुढे त्याचंच नायट्रेट होतं आणि ते पुन्हा पाण्याबरोबर निघून जातं. सरीच्या तोंडावर घातलेला युरिया पिशवीच्या भोकांतून थेट वहाळात जातो. २०१५ पासून आपल्याकडचा युरिया कडुनिंबाचा लेप दिलेला मिळतो. त्या लेपाने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, पण मुसळधार पावसात वाहून जाणारा युरिया काही तो अडवत नाही.

३. ‘चिमूटभर’ हे माप मी रोपवाटिकेत कुणालाच वापरू देत नाही. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात एक ग्रॅम टाकला की ४६० मिलिग्रॅम नत्र झालं. लहान कलमाला हेही कडक. मी २०० लिटरच्या पिंपात १०० ग्रॅम विरघळवते आणि पंधरा दिवसांनी झारीने देते. आदल्या दिवशी साधं पाणी देऊन मिश्रण ओलं करून ठेवायचं. कोरड्या पिशवीत खताचं पाणी गेलं की कोवळी मुळं करपतात.

४. पान पिवळं दिसलं की युरिया, ही सवय फार नुकसान करते. आधी पिवळेपणा कुठे आहे ते बघावं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतं, म्हणून खालची पानं आधी फिकी पडतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील, तर ती बहुधा लोहाची कमतरता. तिथे युरिया कितीही ओता, उपयोग नाही. पानांची टोकं करपत असतील तर पाणी तपासून घ्यावं. खाडीलगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात आणि आंब्याला क्षार सोसत नाहीत. अशा वेळी खत घालणं म्हणजे क्षारांत आणखी भर. अख्ख्या वाफ्यातली कलमं एकसारखी फिकी दिसली, तर माझा पहिला संशय मिश्रणावर जातो. लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस कच्चं असेल, तर ते कुजवणारे जिवाणूच नत्र उचलतात आणि कलम उपाशी राहतं. म्हणून भुसा पुरता कुजल्याशिवाय मी पिशव्या भरायला घेत नाही.

५. अमोनियम सल्फेटमधून गंधकही मिळतं, पण त्याने आम्लता वाढते. जांभ्याची माती मुळात आम्लधर्मी, त्यामुळे ते क्वचितच.

६. गिऱ्हाईक उंची बघतं. जादा नत्र पाजून कलम भराभर उंच करता येतं, पण त्या मानाने मुळं वाढत नाहीत. लुसलुशीत शेंड्यावर फुलकिडे आणि शेंडा पोखरणारी अळी येते, ती वेगळीच. कातळात सुरुंग लावून केलेल्या खड्ड्यात असं कलम पावसाळा काढतं आणि पुढच्या उन्हाळ्यात मान टाकतं. दोन वर्षं हंड्याने पाणी घालणाऱ्या शेतकऱ्याच्या गळ्यात असलं कलम मारणं मला अन्याय वाटतो. जूनमध्ये विक्री असते, म्हणून मेच्या सुरुवातीलाच मी नत्र थांबवते आणि सावली हळूहळू कमी करते. कलमं वीतभर बुटकी राहतात, पण पानं जाड होतात, खोड टणक होतं. नेणाऱ्याला एवढंच सांगते, की खड्ड्यात शेणखत चांगलं कुजलेलं घाला, आणि युरिया लावणीनंतरची पहिली पालवी पक्की झाल्यावरच द्या, तोही बुंध्यापासून वीतभर लांब.