महासंगणकाच्या पलीकडची माणसं

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या अवाढव्य तबकड्या दिसू लागतात. अशा ३० तबकड्या मिळून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण होते. शाळेच्या सहली त्या पाहून परततात. पण खरा कारखाना असतो मधल्या इमारतीत. तबकड्यांनी टिपलेल्या लहरी ऑप्टिकल फायबरमधून तिथे येतात, संगणक त्यांची एकमेकींशी सांगड घालतात आणि शास्त्रज्ञाच्या हाती पडते ती आकड्यांची रास. आकाशाचं चित्र त्यातून नंतर, पुष्कळ गणित केल्यावर उमटतं.

या दुर्बिणीने एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं सर्वेक्षण केलं. तो डेटा जपून ठेवला होता आणि सर्वांसाठी खुला होता. पुढे खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने तीच जुनी रास नव्या, स्वयंचलित पद्धतीने गाळली आणि २०१७ साली सुमारे ९० टक्के आकाशाचे नकाशे व ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. हे शक्य झालं, कारण काही वर्षांपूर्वीच्या फायली कुणीतरी नीट नावं देऊन, वाचता येतील अशा ठेवल्या होत्या.

त्या ‘कुणीतरी’चं काम हेच एक करिअर आहे, आणि ते अजून पुरेशा घरांत पोचलेलं नाही. ‘फिजिक्स घेऊन पुढे काय?’ असं विचारणाऱ्या पालकांसमोर सहसा दोनच चित्रं असतात: कॉलेजातली प्राध्यापकी, नाहीतर हिंजवडीतली आयटी कंपनी. या दोन्हींच्या मधली जागा महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, चांगली ऐसपैस आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक इथेच उभा केला. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत हवामानाच्या गणितांसाठी ‘अर्क’ हा महासंगणक आहे. २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या यंत्राची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे, आणि एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्यं इतकी आकडेमोड. हवामान खात्याच्या जुन्या नोंदी सांभाळणारं राष्ट्रीय डेटा केंद्रही पुण्यातच आहे.

इथे कामं तरी कोणती? एक माणूस यंत्र चालतं ठेवतो: हजारो प्रोसेसरवर कुणाचं गणित आधी, कुणाचं नंतर याची रांग लावणं, बिघडलेला भाग हुडकणं, थंडाव्यावर लक्ष ठेवणं. दुसरा शास्त्रज्ञाचा प्रोग्रॅम फोडून तो अनेक प्रोसेसरवर एकाच वेळी पळेल असा करतो. तिसऱ्याच्या स्वाधीन साठवण असते. ठरलेल्या स्वरूपातल्या फायली, प्रत्येक नोंद कधी, कुठे, कोणत्या उपकरणाने घेतली याचा तपशील, आणि जुन्या टेपवरचं नव्या टेपवर वेळेत हलवणं हे त्याचं काम.

या तिसऱ्या कामाला दुय्यम समजणाऱ्यांनी क्योटो विद्यापीठाची हकिकत ऐकावी. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या महासंगणकाच्या बॅकअपची स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर बदललेली स्क्रिप्ट चढवली गेली. जुन्या नोंदी पुसायच्या ऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. सुमारे ७७ टेराबाइट डेटा गेला, १४ संशोधनगटांना फटका बसला आणि त्यांतल्या चार गटांच्या फायली परत मिळवता आल्या नाहीत. हुशारीइतकीच चिकाटी आणि धास्तावलेली काळजी या कामाला लागते. वर्गात पहिली न येणारी, पण वही नीटनेटकी ठेवणारी मुलगी इथे फार शोभून दिसेल.

वाट एकच नाही. संगणक अभियांत्रिकी चालते, तसंच भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्रातली बीएस्सी-एमएस्सीही चालते. सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन सी-डॅकचे पदव्युत्तर डिप्लोमा करता येतात. पालकांनी एक गोष्ट स्पष्ट जाणून घ्यावी: संशोधन संस्थांतल्या बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात आणि पगार मोठ्या कंपन्यांइतका नसतो. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेल्सही अशाच जोडलेल्या यंत्रांवर घडतात, त्यामुळे हे कौशल्य खासगी क्षेत्रातही चालतं.

बारावीच्या सुट्टीत सुरुवात करायची असेल, तर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावं, पायथॉन शिकावं आणि आपल्या गावच्या पावसाचे दहा वर्षांचे आकडे मिळवून एका फायलीत भरावेत. मग ती फाइल शेजारच्या मित्राकडे द्यावी. काही न विचारता त्याला त्यातला प्रत्येक रकाना कळतो का, ते पाहावं.