आधी बांधावर जा, मग ठरव

तुझा मेसेज दोनदा वाचला. "वर्गातल्या निम्म्या मुली एमपीएससीचा क्लास लावायला पुण्याला चालल्यात, मीपण जाऊ का?" असं विचारलंयस. जायचं की नाही ते शेवटी तूच ठरवशील, पण 'सगळ्या चालल्यात' हे कारण तेवढं बाजूला ठेव. फोनवर बोलायचं तर तुझ्या मागे आई उभी असते, म्हणून हे लिहून पाठवतेय. निवांत वाच.

बी.टेक. कृषी अभियांत्रिकी म्हटलं की दोन टोमणे ठरलेले. बी.एस्सी. ॲग्रीची मुलं म्हणतात, तुम्हाला पिकातलं काय कळतं? मेकॅनिकलची म्हणतात, तुम्ही कसले इंजिनीअर? चार वर्षं हेच ऐकलं की आपल्यालाही ते खरं वाटायला लागतं. मला विचारशील तर या दोघांच्या मधली जागा मोकळी पडलीय आणि ती भरायला माणसं कमी आहेत. पंपाचं गणित येणाऱ्याला डाळिंबाची मुळं कुठवर जातात ते ठाऊक नसतं, आणि डाळिंब ओळखणाऱ्याला पंपाचं गणित येत नाही. तुला दोन्ही थोडंथोडं येतं. ते थोडंथोडं पक्कं कुठे करायचं, एवढाच तुझ्यापुढचा प्रश्न आहे.

आधी एमपीएससीचं बोलून टाकू, कारण तुझ्या डोक्यात तेच आहे. कृषी सेवेतली नोकरी चांगली आहे, यात शंका नाही. तालुका कृषी अधिकारी झालीस तर घरच्यांची मान ताठ होईल आणि मनापासून काम करणारीला करण्यासारखंही पुष्कळ आहे. पण जागा किती निघतील, कधी निघतील, परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल आणि नेमणूक कधी मिळेल, यातलं काहीच तुझ्या हातात नाही. अभ्यासक्रमसुद्धा नाही. त्यातलं कृषी अभियांत्रिकीचं वजन घटवलं म्हणून २०२३ मध्ये राहुरीपासून आपल्या विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं होतं, ते तुझ्या सीनियर मुलींना विचार. मृद व जलसंधारणाच्या काही जाहिरातींत तर अर्हतेच्या रकान्यात नुसतं 'स्थापत्य' असतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी अर्हता शब्द न् शब्द वाचायची सवय लाव. आणि परीक्षा द्यायचीच असेल तर वय आणि तारीख आत्ताच वहीत लिहून ठेव, अमुक वर्षापर्यंत देईन, नंतर नाही. पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची धरून बसलेल्या हुशार मुली मी पाहिल्यात. अभ्यासाने त्या थकल्या नव्हत्या, 'पुढच्या वर्षी नक्की' या वाक्याने थकल्या होत्या. बँकेची कृषी क्षेत्र अधिकाऱ्याची परीक्षाही आपल्या पदवीवर देता येते. तिचं वेळापत्रक त्या मानाने सरळ असतं, ते डोक्यात असू दे.

आता ज्या नोकरीला कॅम्पसमध्ये सगळे नाक मुरडतात तिच्याबद्दल सांगते, ठिबकच्या कंपनीतल्या. "एवढं शिकून पाइप विकणार?" असं मलाही ऐकवलं होतं. माझी पहिली नोकरी तीच होती. कंपनीचं नाव तुला माहीत आहे, इथे लिहीत नाही, कारण पगार कमी होता आणि साहेब महिनाअखेरीला टार्गेटवरून डोकं खात. पण द्रवयांत्रिकीच्या तासाला फळ्यावर उतरवून घेतलेलं घर्षणाने होणारं दाबाचं नुकसान मला खरं कळलं ते एका शेतकऱ्याने, "ताई, शेवटच्या ओळीला पाणीच पोचत नाही हो," असं म्हटल्यावर. लॅटरलची लांबी जास्त झालेली, जमिनीला चढ, आणि पंप जुनाच. त्या रात्री बसून पूर्ण आकडेमोड पुन्हा केली, प्लॉटचे सेक्शन पाडले, एक व्हॉल्व्ह वाढवला.

या कामात काय काय येतं ते ऐक. विहीर किती पाणी देते ते बघायचं, उन्हाळ्यातलं वेगळं आणि दिवाळीतलं वेगळं. जमिनीचे उतार घ्यायचे. शेततळ्याचं पाणी असेल तर शेवाळ येणार, म्हणून सँड फिल्टर लागतो, आणि बोअरमधून वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन. पाणी क्षारयुक्त असेल तर ड्रिपर बुजणार, मग ॲसिड कधी आणि किती सोडायचं हे शेतकऱ्याला नीट शिकवायचं, नाहीतर हात भाजून घेतो बिचारा. शिवाय कागद. महाडीबीटीवरचा अर्ज, सात-बारा, आठ-अ, बिल, मग मोका तपासणी. लहान शेतकऱ्याला ५५ टक्के अनुदान आणि बाकीच्यांना ४५, हे केंद्राचं प्रमाण पाठ असतं सगळ्यांना. ते वेळेवर खात्यात का येत नाही, हे मात्र त्या खुर्चीत बसल्यावरच समजतं. जळगावची जैन इरिगेशन असो, इस्रायली नेटाफिम असो की गावोगावचे छोटे उत्पादक, या धंद्यात दोन वर्षं काढलेली मुलगी पुढे कुठेही टिकते. माझं मत पक्कं आहे, पहिली नोकरी खुर्चीतली घेऊ नकोस.

यंत्रांची आवड असेल तर पुण्याच्या आसपासच खूप आहे. सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना, मगरपट्ट्यात त्यांचं तंत्रज्ञान केंद्र, चाकणला सीएनएचचा कारखाना, नागपूरला महिंद्राचे ट्रॅक्टर. डिझाइनच्या टेबलाशी मात्र मेकॅनिकलवाल्यांशी चुरस आहे, आणि सॉफ्टवेअर नीट येत नसेल तर तिथे टिकाव लागणार नाही. आपली सरशी होते चाचणीच्या कामात. भाताच्या चिखलणीत ट्रॅक्टर का रुततो, काळ्या मातीत फाळाला ओढ किती लागते, हे सांगणारं माणूस त्यांना लागतंच. मध्य प्रदेशातल्या बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी आणि प्रशिक्षण संस्था आहे. तिथले चाचणी अहवाल बसून वाच, मुलाखतीत ते तुझ्या फार कामी येतील. आणि ड्रोनचं. तू लिहिलंयस की पायलटचा कोर्स करावासा वाटतो. कर, काही दिवसांचाच असतो. पण नुसतं उडवणं कोणीही शिकेल, दहावी झालेली मुलंही शिकतात. थेंबाचा आकार केवढा हवा, किती उंचीवरून उडवायचं, वारा असताना औषध शेजारच्या शेतात जातं का, हे मोजणारी इंजिनीअर बचत गटांना ड्रोन देणाऱ्या योजनेतही फारशी कुठे दिसत नाही.

एक गोष्ट मनात फार दिवस आहे. शेतात खुरपणी कोण करतं? कापणी, कापूस वेचणी, भात लावणी? बायकाच ना. आणि अवजारं बनवताना माप कुणाचं घेतात? दांड्याची जाडी, मुठीची उंची, ओढायला लागणारी ताकद, सगळं पुरुषाला धरून. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत शेतीतल्या श्रमशास्त्राचा आणि सुरक्षिततेचा देशव्यापी समन्वित प्रकल्प चालतो. तिथे बाईच्या पंजाची, खांद्याची, पकडीची मापं घेऊन अवजारं सुधारली जातात. दातेरी विळा हातात धरून बघ आणि आजीचा जुना विळा धरून बघ, मनगटाला लगेच फरक कळतो. हा विषय आपल्याकडच्या मुलींनी उचलायला हवा असं मला मनापासून वाटतं. मळणी यंत्रात ओढणी किंवा पदर अडकून होणारे अपघात वर्गात एका ओळीत संपतात. ते थांबवणारं साधं झाकण कसं बसवायचं, यावर एम.टेक.चा एक आख्खा प्रबंध होऊ शकतो, आणि त्याचा उपयोग दुसऱ्याच हंगामात दिसतो.

तुझा प्रोजेक्ट प्रक्रिया अभियांत्रिकीत आहे ना? मग त्या वाटेचंही ऐक. आपल्या विद्यापीठांनी या बाबतीत चांगली कामं केलीत, फक्त त्यांचा गाजावाजा होत नाही. दापोलीचा नूतन झेला घे. आंबा देठासकट उतरतो, चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाही, आणि पेटीचा भाव बदलतो. अकोल्याची पीकेव्ही मिनी दाल मिल घे. तूर कच्ची विकण्यापेक्षा गावातच डाळ करून विकावी, हे त्या यंत्राने विदर्भातल्या कितीतरी बचत गटांना शक्य करून दिलं. नाशिकच्या मोहाडीला सह्याद्री फार्म्स जाऊन बघ. ती उभी करणारे विलास शिंदे कृषी अभियांत्रिकीतच एम.टेक. झालेले. तिथल्या पॅकहाऊसमध्ये उभी राहिलीस की कळेल, द्राक्षं तोडल्यावर त्यांच्यातली शेताची उष्णता काही तासांत काढून घ्यायची असते, त्यात उशीर झाला तर पुढची शीतसाखळी कितीही महागडी असली तरी उपयोग नाही. उष्णता वहनाचा धडा तिथे थेट पैशात मोजला जातो. या वाटेला पाळ्या असतात आणि हंगामात रात्रपाळीही. राहायची, येण्या-जाण्याची सोय काय ते नोकरी घेण्याआधीच विचार, लाजू नकोस.

पाणलोटाच्या कामाबद्दल थोडंच सांगते, कारण तिथे मी स्वतः नव्हते. वॉटर, बाएफ, पाणी फाउंडेशन अशा संस्थांत आपल्या मुली आहेत. पगारापेक्षा समाधान जास्त, असं त्याच म्हणतात. क्यूजीआयएस फुकट मिळतं, आत्ताच शिकून घे. उताराचा नकाशा करता येणारी मुलगी संस्थेत चालते, पीक विमा कंपनीत चालते, नागपूरच्या राज्य सुदूर संवेदन केंद्रातही चालते.

पुढे शिकायचं असेल तर गेट. आपला वेगळा पेपर आहे, कृषी अभियांत्रिकीचाच. खरगपूर आयआयटीत हा विभाग १९५२ पासून आहे, म्हणून मामा परत "ही काय नवीनच शाखा?" म्हणाले तर त्यांना हे ऐकव. आयआयटी मुंबईचं सितारा, म्हणजे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र, तुझ्या स्वभावाला जास्त जमेल असं मला वाटतं, तिथे गावात जाऊन काम करावं लागतं. परदेशी हाच विषय 'जैविक आणि कृषी अभियांत्रिकी' अशा जोडनावाने शिकवतात. अमेरिकेत प्राध्यापकाच्या संशोधनात सहायक म्हणून घेतलं तर फी सुटते आणि महिन्याला पैसेही मिळतात. तसं नसेल तर जमीन गहाण टाकून जाऊ नकोस. बाबा आनंदाने टाकतील, म्हणूनच सांगतेय.

आणि स्वतःचा व्यवसाय. अवजारं भाड्याने देणारं केंद्र, डाळ मिल, ठिबकची डीलरशिप, हे सगळं होतं. ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटर ही केंद्राची योजना २००२ पासून आहे. पंचेचाळीस दिवसांचं निवासी प्रशिक्षण फुकट, एकट्याला २० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर अनुदान, साधारणपणे ३६ टक्के आणि आपल्याला, म्हणजे बायकांना, ४४ टक्के. पण ते अनुदान बँकेने कर्ज दिल्यावरचं आहे. बँकेचा मॅनेजर समोर बसलेल्या तेवीस वर्षांच्या मुलीकडे बघून विचारतो, "वडील आलेत का?" तेव्हा गप्प बसायचं नाही, प्रकल्प अहवाल पुढे सरकवायचा. दोन वर्षं बांधावर काढलेली असलीस ना, तर त्या अहवालातला प्रत्येक आकडा तुझा स्वतःचा असेल आणि तो त्यालाही जाणवेल. धंदा त्यानंतरच कर, पदवीच्या दुसऱ्या दिवशी नको.

घरचं काय, ते मी बघते. आईला फिरतीची नोकरी म्हटलं की पोटात गोळा येतो आणि मावशी लगेच स्थळांचं काढते. मुलाखतीतही विचारतील, लग्नाचं काय ठरलंय? शांतपणे सांगायचं, कामाचं विचारा. सोबतीला कोण असतं, गाडी कुणाची, मुक्काम कुठे पडतो, हे मात्र तू त्यांना उलट विचारायचं. ज्या कंपनीला या प्रश्नांचा राग येतो ती सोडून दे, दुसरी मिळते.

तर या सुट्टीत क्लासची फी भरू नकोस. एखाद्या ठिबकच्या नाहीतर पॅकहाऊसच्या साइटवर महिनाभर फुकट का होईना काम कर, आणि जूनमध्ये मला फोन कर, मग एमपीएससीचं बोलू. तोवर दुचाकीचं लायसन्स काढून घे. फील्डच्या नोकरीत बायोडेटा बघायच्या आधी तेच विचारतात.