काकूंचे गहू

प्रश्न : दरवर्षी महाशिवरात्रीच्या आधी आमच्याकडे शिवलीलामृताचं पारायण असतं. त्यात आमच्याच उज्जैनची गोष्ट आहे, चंद्रसेन राजाची आणि गवळ्याच्या पोराची. पोर दगडाचं लिंग मांडून पूजा करत बसतं, आई जेवायला हाक मारते, ते उठत नाही, मग ती संतापून त्याची पूजा उधळून देते. पोथी या जागी आली की मी प्रसादाचं बघायचं निमित्त करून स्वयंपाकघरात जाते. माझं वय आज बावन्न.

मी गोपाळ मंदिरामागच्या एका गल्लीत वाढले. वडील मारत. का मारतात हे आधी कळत नसे आणि मारून झाल्यावरही कळत नसे. पट्टा, चप्पल, एकदा दाराचा अडसर. शेजारी एक काकू राहत. आमच्या घरातून आवाज यायला लागले की त्या ओटल्यावर येऊन मोठ्यांदा मला हाक मारत, ‘‘अगं, गहू निवडायला ये जरा!’’ वडील मग सोडून देत. काकूंकडे रोज एवढे गहू कुठून येत, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

माझं शिक्षण झालं, नोकरी झाली, मुलं मार्गाला लागली. पाठचा भाऊ मात्र सावरला नाही. दारू, मोडलेलं लग्न. नातेवाईक मला म्हणतात, ‘‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, बघ तू कशी घडलीस!’’ मग भाऊ का घडला नाही? घाव त्यानेही तेवढेच सोसले. एकाच घरातलं एक पोर तगतं आणि दुसरं मोडतं, असं का? हे सोसायचं बळ येतं तरी कुठून? आणखी एक. वडील आता एक्क्याऐंशीचे आहेत, माझ्याकडेच असतात. मी त्यांना माफ केलंय की नाही, मला कळत नाही.

(एक वाचक, उज्जैन)

उत्तर : आधी पोथीचं बोलू, कारण तुमच्या पत्राची सुरुवात तिथून झाली आहे. श्रीधरस्वामींनी शिवलीलामृत लिहिलं बारामतीत, १७१८ साली. मराठी माणसं शिंद्यांबरोबर माळव्यात येऊन उज्जैनला स्थिरावली ती त्यानंतर. म्हणजे तुमच्या पूर्वजांनी गाव पाहण्याआधीच त्या गावची ही गोष्ट मराठी घरांत वाचली जाऊ लागली होती. तीनशे वर्षं आपण ती ऐकतो आणि लक्षात ठेवतो तो राजाचा दिव्य मणी, त्यासाठी वेढा घालून बसलेले राजे, पोराच्या पूजेच्या जागी अचानक उभं राहिलेलं मंदिर. शिवपुराणात हीच आई मुलाला हात धरून ओढते आणि मारतेही. मुलगा रडत रडत बेशुद्ध पडतो. तिथे ऐकणाऱ्याचं लक्ष मंदिराकडे लागलेलं असतं. तुमचं पोराकडे लागतं. तुम्ही पोथी नीट ऐकता, एवढंच मी म्हणेन.

आता टाकीच्या घावांचं. ही म्हण बनवणाऱ्याने पाथरवटाच्या अंगणात कधी फेरी मारली नसावी. तिथे एक मूर्ती उभी असते आणि भोवती छिलक्यांचा, चुकीच्या घावाने दुभंगलेल्या दगडांचा खच पडलेला असतो. त्या दगडांवरून म्हणी होत नाहीत. शिवाय पाथरवटाला काय घडवायचं आहे ते ठाऊक असतं. ऑफिसातला अपमान घरी येऊन पोराच्या पाठीवर काढणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कुठली मूर्ती असते?

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं : मारून झाल्यावरही का ते कळत नसे. श्यामच्या आईनेही श्यामला शिमटीने मारलंय, पोहायला जायला घाबरला म्हणून. ते योग्य होतं असं मी म्हणत नाही, पण श्यामला त्या माराचं कारण ठाऊक होतं आणि मारणारी कोण आहे हेही ठाऊक होतं. कारण नसलेला मार पोराला वेगळाच धंदा शिकवतो. ते घरातलं हवामान वाचायला लागतं. स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज आज कसा आला, जिन्यावरची पावलं किती जड, चपला काढल्या की भिरकावल्या, यावरून ते संध्याकाळचा अंदाज बांधतं. धोक्याची घंटा वाजवणारा मेंदूचा भाग सतत जागा राहतो, ताणाची संप्रेरकं वाहत राहतात आणि वाढत्या वयातल्या शरीराला तेच नेहमीचं वाटू लागतं. घर बदलतं, वय वाढतं, पण घंटा बंद होत नाही. तुम्हाला अजूनही कुणी दार जोरात लावलेलं चालत नसेल. घरात कोण कुठल्या मनःस्थितीत आहे हे इतरांच्या आधी तुम्हालाच कळत असेल आणि लोक त्याला तुमचा समजूतदारपणा म्हणत असतील.

त्या समजूतदारपणाची किंमतही मोजावी लागते. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी सतरा हजारांवर प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बालपणात मारहाणीसारख्या वाईट गोष्टी जितक्या जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण जास्त, असा सरळ चढता जिना त्यांना दिसला. तुमच्या भावाची दारू या जिन्यावरच बसते. तेव्हा नातेवाइकांना सांगा की घावांनी जे करायचं ते केलंय, फक्त ते दुसऱ्या खोलीत केलंय.

मग तुम्ही कशा तगलात? हवाईमधल्या कवाई बेटावर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळिशीपर्यंत माग ठेवला. त्यांतली दोनशेच्या आसपास मुलं गरिबी, भांडणं, व्यसनी किंवा मनाने आजारी पालक अशा घरांतली होती. त्यांपैकी ७२ जण धडधाकट, प्रेमळ, कामाची माणसं म्हणून मोठे झाले. त्यांच्यात काय वेगळं होतं? काहींचा स्वभाव उपजतच असा होता की परक्यालाही त्यांना जवळ घ्यावंसं वाटावं. पण जवळजवळ प्रत्येकाच्या कहाणीत एक तरी मोठं माणूस होतं, जे त्या पोराच्या बाजूला टिकून राहिलं. आजी, मास्तर, शेजारीण. आपल्याला वाटतं की बळ म्हणजे आतला पोलादी कणा. प्रत्यक्षात ते बरंचसं उसनं आणलेलं असतं आणि उसनं द्यायला कुणीतरी असावं लागतं.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच पत्रात लिहून पाठवलं आहे. काकूंकडे रोज निवडण्याएवढे गहू नव्हतेच. तुम्हाला त्या घरातून बाहेर काढायला सूप पुढे करण्याइतकं साधं निमित्त त्यांनी शोधलं होतं, असं निमित्त की ज्याला तुमच्या वडिलांना नाही म्हणता येऊ नये. पोलीस नाही, पंचायत नाही, भांडणही नाही. त्या काळात त्या गल्लीत एका बाईच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं. आणि सुपावर मान घालून खडे वेचता वेचता तुम्हाला हे कळत गेलं असणार की या गल्लीत एक माणूस असं आहे ज्याला जे चाललंय ते दिसतं, आणि ज्याच्या मते ते चुकीचं आहे.

आता भाऊ. गहू निवडायला मुलीला बोलावता येतं. मुलाला काय म्हणून बोलावणार? तुम्ही ओटल्यावर गेल्यावर आत कोण उरत होतं?

हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. तुम्ही पोर होतात आणि हाक तुम्हाला आली होती. पण ‘एकच घर, तेच घाव’ हा हिशेब चुकतो तो इथे. एका छपराखाली दोन मुलांची दोन घरं असतात. केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून एक मोठा अहवाल काढला होता. त्यात महाराष्ट्रही होता आणि मध्य प्रदेशही. दर तीनांतल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते. घरात मार खाणाऱ्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे आईवडीलच होते. (त्याच अहवालात निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला होता. तो विषय इथे दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.) आपल्याकडे मुलीच्या पाठीवरचा वळ निदान एखाद्या काकूला तरी दिसतो. मुलग्याच्या वळाला लोक वळण म्हणतात.

भावाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायची आहे. कवाईच्या पाहणीत किशोरवयात भरकटलेली बरीच मुलं तिशी-चाळिशीत रुळावर आलेली दिसली. कुणाला चांगला जोडीदार भेटला, कुणी नव्याने शिकायला लागला, कुणाला भजनाच्या मंडळीसारखी धरून ठेवणारी माणसं मिळाली. उसनं बळ उशिरा मिळालं तरी लागू पडतं. तो बोलायला तयार असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. आणि तुमच्या आजच्या गल्लीत असं एखादं पोर असेल तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता देशभर चालते.

लोक आनंदीबाई जोश्यांचं नाव अशा वेळी हमखास घेतात, म्हणून तेही. आई आपल्याशी कधी मायेने बोलली नाही, मारायला दगड, काठ्या, पेटते निखारे वापरायची, असं आनंदीबाईंनी लिहून ठेवलं आहे. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली त्यांच्या चरित्रात ते छापलं. नवव्या वर्षी लग्न झालं, आणि शिकवणारा नवराही हात उचलणारा निघाला. ‘एवढं सोसलं म्हणून डॉक्टर झाल्या’ असं भाषणात ऐकलं की मला दातदुखी आठवते. खरंच. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना एक मासिक चाळत होत्या. त्यात आनंदीबाईंच्या नवऱ्याचं, गोपाळरावांचं, बायकोला शिकवायचं आहे असं पत्र छापलेलं होतं. बाईंनी घरी जाऊन उत्तर लिहिलं. पुढे जवळजवळ तीन वर्षं दोघी एकमेकींना न बघता लिहीत होत्या आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या होत्या. १८८३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा घ्यायला मावशी उभी होती. आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी मावशीकडे गेल्या. कल्याणच्या त्या मुलीला डॉक्टर करण्याचं श्रेय निखाऱ्यांना द्यायचं की त्या मासिकाला?

उसनं बळ द्यायला दार उघडलं नाही तर काय होतं, तेही बघा. तुमच्या गावात सप्टेंबर २०२३ मध्ये जे घडलं ते तुम्ही जवळून ऐकलं असेल. अत्याचार झालेली एक अल्पवयीन मुलगी तशाच अवस्थेत बडनगर रोडवर दारोदार मदत मागत फिरली. कॅमेऱ्यात दिसलं की एका दारातून तिला हाताने हाकललं गेलं. शेवटी एका आश्रमातल्या तरुण पुजाऱ्याने तिला अंगावर घ्यायला कपडे दिले आणि पोलिसांना बोलावलं.  मी त्या दारांचा विचार करत राहिलो. ती दार ठोठावत होती म्हणजे तिची हिंमत शाबूत होतीच. कमी पडली ती आतल्या माणसांची.

राहिलं माफीचं. हा प्रश्न तुमच्यासारखी पन्नाशीतली अनेक माणसं विचारतात, कारण तेव्हा मारणारे हात आता थरथरायला लागलेले असतात आणि त्यांच्या गोळ्यांची डबी आपल्यालाच भरावी लागते. वेळेवर गोळ्या देणं आणि माफ करणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं तुम्ही करता आहात. दुसरं न करताही पहिलं करता येतं, त्यात ढोंग नाही. मुलगी असून बापाबद्दल असं कसं, म्हणणाऱ्यांना गल्लीतले आवाज तेव्हाही ऐकू आलेच होते.

पोथीकडे परत येतो. त्या गोष्टीत मंदिर उभं राहिल्यावर पोर धावत घरी जातं आणि झोपलेल्या आईला स्वतः उठवतं. वाचणारे इथे गहिवरतात आणि पोराच्या मोठ्या मनाचं कौतुक करतात. पण आधी मारणारी ती आई जागी होते, सगळं बघते आणि त्याला पोटाशी धरते, हेही त्याच गोष्टीत आहे. तुमच्या वडिलांनी आजवर असं काही केलं का, हे तुमच्या पत्रात मला कुठे सापडलं नाही.