विधिमंडळ आणि अनुबोधपट : परांजपे घराण्याच्या तीन पिढ्या

कायदे करणारा सभासद आणि अनुबोधपट काढणारा कलावंत यांची कार्यक्षेत्रे वरवर पाहता भिन्न वाटतात. तथापि समाजाचे एखादे दुःख लोकांच्या दृष्टीस आणून देणे हे दोघांचेही कर्तव्य होय. या दृष्टीने पुण्याच्या परांजपे घराण्याचा इतिहास मननीय आहे.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाले. १९०१ च्या डिसेंबरात ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत झालेले त्यांचे स्वागत सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी चलच्चित्रित केले. भारतीयाने टिपलेल्या आरंभीच्या वृत्तचित्रांत त्याची गणना होते. पुढे रँग्लर मुंबईच्या विधिमंडळात गेले, १९२१ मध्ये शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९२३ चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत झाला.

त्यांच्या कन्या शकुंतलाबाई यांनी ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ (१९३७) या बोलपटात वृद्ध वराच्या समाजसेविका कन्येची भूमिका केली. संततिनियमनाचा उच्चार करणेही लोकांना लज्जास्पद वाटे, अशा काळात त्यांनी त्या कार्यास वाहून घेतले. १९५८ ते १९६४ या काळात त्या विधान परिषदेच्या व त्यानंतर १९७० पर्यंत राज्यसभेच्या सभासद होत्या.

शकुंतलाबाईंच्या कन्या सई परांजपे यांनी मात्र सभागृहाऐवजी कॅमेरा निवडला. ‘स्पर्श’, ‘कथा’ यांसारखे त्यांचे चित्रपट सर्वश्रुत आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने ‘चूडियाँ’ (१९९३) हा त्यांचा लघुपट अधिक महत्त्वाचा. महाराष्ट्रातील एका खेड्यातील स्त्रियांनी दारूविरुद्ध दिलेला लढा हा त्याचा विषय. सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला.

येथे एक प्रश्न उद्भवतो. मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा १९४९ मध्येच झाला होता. मग चार दशकांनंतर त्या स्त्रियांना रस्त्यावर का यावे लागले? कारण उघड आहे. कायदा पुस्तकात छापला जातो. दारूचे दुष्परिणाम घरात भोगावे लागतात. त्या घरातील स्त्रीचे म्हणणे सभागृहापर्यंत क्वचितच पोहोचते. ते तिच्याच मुखाने ऐकविण्याचे सामर्थ्य अनुबोधपटात आहे. मात्र केवळ चित्र पाहून गुत्ता बंद होत नाही. त्यासाठी पुन्हा कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून ही दोन साधने परस्परपूरक समजावीत.

अभ्यास : आपल्या गावातील असा एक प्रश्न निवडा, ज्याविषयी कायदा आहे पण त्याचे पालन होत नाही. ज्यांना त्याची झळ लागते, अशा दोघांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपून आणा. स्वतःचे मत शेवटी लिहा, आधी नव्हे.